गावची गाडी कोण ठरवते? विदर्भातल्या ग्रामीण प्रवासाचा हिशेब

तालुक्याच्या ठिकाणापासून तीस किलोमीटर आत असलेल्या गावाला दिवसातून एक-दोनच एसटी का येतात, त्यातली एखादी कुणाच्याच सोयीची नसलेल्या वेळी का येते, आणि सकाळी जिच्यात पाय ठेवायला जागा नसते तीच गाडी महामंडळाच्या दप्तरी तोट्याची कशी ठरते, हे तीन प्रश्न विदर्भातल्या बहुतेक ग्रामसभांमध्ये कधी ना कधी विचारले गेले आहेत. त्यांची उत्तरे साधारणपणे आगार व्यवस्थापकाच्या मर्जीत किंवा पुढाऱ्याच्या वजनात शोधली जातात. मर्जी आणि वजन यांचा काहीच भाग नसतो असे नाही, पण मूळ उत्तर हिशेबाच्या पद्धतीत आहे. ती पद्धत समजून घ्यायची तर या भागात प्रवासाची साधने कशासाठी आली, तिथून सुरुवात करावी लागते.

विदर्भात रेल्वे आली ती कापसासाठी. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला, तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला आलेली तेजी नुकतीच ओसरली होती. मात्र या कापसाची किंमत इंग्रज व्यापाऱ्यांना कळून चुकली होती. मुख्य मार्गापासून बाजूला पडलेल्या खामगावच्या बाजारपेठेसाठी जलंबहून जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा टाकण्यात आला आणि १८७० मध्ये त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय येतो, यावरून त्या रुळांचा खरा प्रवासी कोण होता हे कळते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी कंपनीने उभ्या केलेल्या सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीचे अरुंद रूळ याच हेतूने पडले. यवतमाळहून दारव्हा आणि कारंजा या मार्गे मूर्तिजापूरपर्यंत सुमारे ११३ किलोमीटर, मूर्तिजापूरहून दर्यापूर आणि अंजनगाव या मार्गे अचलपूरपर्यंत सुमारे ७६ किलोमीटर, आणि वर्धा जिल्ह्यात पुलगाव ते आर्वी सुमारे ३५ किलोमीटर. दोन फूट सहा इंच रुंदीच्या या रुळांवरून धावणारी यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर गाडी लोकांनी ‘शकुंतला’ या नावाने आपलीशी केली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तरी या मार्गांची मालकी कंपनीकडेच राहिली आणि गाड्या मात्र सरकारी रेल्वे चालवत राहिली. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावत होते, ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. मला तिच्यात कौतुकापेक्षा दुर्लक्ष अधिक दिसते.

या रुळांची दिशा ध्यानात घेतली तर पुढचे बरेच काही उलगडते. प्रत्येक फाटा कापसाच्या बाजारपेठेतून निघून मुख्य मार्गाला, म्हणजे पर्यायाने मुंबईच्या बंदराला मिळत होता. गावातल्या माणसाला मात्र जायचे असते ते तहसील कचेरीत, दवाखान्यात, शाळेत, आठवडी बाजारात आणि सोयऱ्यांकडे, आणि ही ठिकाणे बहुधा पंधरा ते पन्नास किलोमीटरच्या आत असतात. रेल्वेने त्याची सोय केली ती केवळ वाटेत गाव लागले म्हणून. पुढे पक्के रस्ते झाले, कापूस ट्रकमधून जाऊ लागला, आणि ज्या कारणासाठी रूळ टाकले होते ते कारणच उरले नाही. शकुंतलेचे दोन्ही टप्पे गेल्या दशकात एकामागून एक बंद पडले. नागपूर-नागभीड हा दुसऱ्या एका कंपनीचा जुना अरुंद मार्गही रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाला. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणाला रुंद रुळांची वाट पाहावी लागली ती शतकाहून अधिक. २८४ किलोमीटरच्या नियोजित वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गापैकी वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला.

गावापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचली ती मोटार. आधी खाजगी मोटारमालक होते, आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने त्यांना परवाने व मार्ग ठरवून दिले. पश्चिम महाराष्ट्रात एसटीचा इतिहास १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून सांगतात, आणि शाळेच्या पुस्तकांतून तोच सगळ्या राज्याचा इतिहास ठरला आहे. विदर्भ तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, त्याची राजधानी नागपूर होती, आणि इथली सरकारी मोटारसेवाही वेगळी होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि मुंबई राज्याचे महामंडळ, नागपूरकडची प्रांतिक सेवा व मराठवाड्याची सेवा अशा तीन मुळांमधून आजचे महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले.

हे महामंडळ १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याखाली चालते, आणि आजच्या पेचाची गाठ याच कायद्यात आहे. त्याचे कलम १८ महामंडळावर कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसूत्र सेवा देण्याचे कर्तव्य टाकते, तर कलम २२ कारभार व्यावसायिक तत्त्वांवर चालवावा असे सांगते. ‘पुरेशी’ आणि ‘व्यावसायिक’ ही दोन विशेषणे नागपूर-अमरावती मार्गावर सुखाने नांदतात. घाटंजी किंवा राळेगाव तालुक्यातल्या आतल्या रस्त्यावर ती एकमेकांच्या अंगावर येतात. कायदा करणाऱ्यांची अपेक्षा अशी की मोठ्या मार्गांवरच्या उत्पन्नातून आतल्या मार्गांचा तोटा भरून निघावा. मोठ्या मार्गांवर खाजगी आरामगाड्या आल्यापासून ही भरपाई आटत गेली, पण अपेक्षा तशीच राहिली. त्यातच प्रवाशाच्या भाड्यावर १७.५ टक्के प्रवासी कर राज्य सरकार वसूल करते, म्हणजे एका हाताने अनुदान आणि दुसऱ्या हाताने कर असा हा व्यवहार आहे.

आता आगारात काय घडते ते पाहू. एका गाडीने आणि तिच्या चालक-वाहकांनी दिवसभरात करायच्या फेऱ्यांच्या साखळीला एसटीच्या भाषेत ‘नियत’ म्हणतात. प्रवाशाला एक फेरी दिसते. आगाराला नियत दिसते. सकाळी सात वाजता तुमच्या गावाहून सुटणारी गाडी साडेआठला तालुक्याला पोहोचून नऊ वाजता जिल्ह्याच्या गावाला जाणार असेल, तर तुमच्या गावची वेळ सातच राहते, शाळा अकराला भरत असली तरी. कामाच्या तासांनाही कायद्याची चौकट आहे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम, मध्ये विश्रांती, आणि कामावर येण्यापासून सुटेपर्यंतचा पसारा बारा तासांच्या आत अशा मर्यादा घातल्या, आणि नियती त्याच हिशेबाने बांधल्या गेल्या. सकाळी एक गाडी आणि सायंकाळी एक गाडी ही मागणी गावाला साधी वाटते, पण त्या दोन वेळांच्या मधल्या तासांत ते चालक-वाहक आणि ती गाडी कुठे गुंतवायची, हे कोडे आगाराला सोडवावे लागते.

मुक्कामी गाडी हे त्या कोड्याचे जुने आणि हुशारीचे उत्तर होते. गाडी सायंकाळी तालुक्याहून प्रवासी घेऊन गावात येते, रात्री तिथेच थांबते आणि सकाळी गावचे प्रवासी घेऊन निघते. ती गावात न थांबता आगारात परतली असती तर रात्री तीस किलोमीटर रिकामी गेली असती आणि पहाटे पुन्हा तीस किलोमीटर रिकामी आली असती. मुक्कामामुळे साठ किलोमीटरचे डिझेल वाचते आणि दोन्ही फेऱ्या भरलेल्या राहतात. अट एवढीच की चालक-वाहकांना गावात झोपायला नीट जागा, पाणी आणि शौचालय मिळाले पाहिजे. बऱ्याच गावांत ही जबाबदारी ग्रामपंचायतीने कधी गंभीरपणे घेतली नाही. समाजमंदिराच्या ओसरीवर किंवा गाडीतल्या बाकावर रात्र काढणारे कर्मचारी विदर्भात नवे नाहीत. मुक्कामी गाडी बंद झाली की गाव महामंडळाच्या नावाने बोटे मोडते. माझ्या मते त्यातले एक बोट गावाने स्वतःकडेही वळवायला हरकत नाही.

पैशांचा हिशेब एका काल्पनिक गावावरून करून पाहू. साध्या गाडीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने ठरते, आणि जानेवारी २०२५ च्या १४.९५ टक्के भाडेवाढीनंतर एका टप्प्याचा दर दहा रुपयांच्या आसपास आहे. गाव तीस किलोमीटरवर म्हणजे पाच टप्प्यांवर असेल तर पूर्ण भाडे साधारण पन्नास रुपये होते. साधी बस एका लिटरमध्ये चार ते पाच किलोमीटर जाते. म्हणजे एका फेरीला सहा-सात लिटर डिझेल, सुमारे सहाशे रुपयांचे. नुसते डिझेल निघायला बारा पूर्ण तिकिटे लागतात, आणि पगार, टायर, दुरुस्ती, कर हे सगळे त्यानंतर. सकाळच्या फेरीत पंचावन्न माणसे कोंबलेली असतील, पण त्यातले तीस-पस्तीस विद्यार्थी असतील तर वाहकाच्या थैलीत पडणारी रोकड थोडीच असते.

विद्यार्थ्यांच्या मासिक पासात दोन तृतीयांश सवलत असते. अहिल्याबाई होळकर योजनेत ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींचा पास मोफत असतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास ऑगस्ट २०२२ पासून मोफत आहे आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना अर्धे भाडे लागते. या सवलतींचा फरक राज्य सरकारने महामंडळाला द्यायचा असतो. म्हणजे या जागा फुकट गेलेल्या नसतात, त्यांचे पैसे दुसऱ्या वाटेने आणि उशिरा येतात. गावात जेव्हा कुणी म्हणतो की बायकांना अर्धे तिकीट दिल्यामुळे एसटी बुडाली, तेव्हा ही गोष्ट त्याला समजावून सांगणे आवश्यक आहे. उलट काळी-पिवळीकडे, म्हणजे भाड्याच्या खाजगी जीपकडे गेलेल्या कित्येक स्त्रिया अर्ध्या भाड्यामुळे पुन्हा एसटीत बसू लागल्या आहेत.

दुसरे माप म्हणजे भारमान. गाडीतल्या एकूण जागांपैकी किती जागा फेरीभर भरलेल्या होत्या, त्याचे हे शेकडा प्रमाण. आपल्या काल्पनिक गावाच्या चार फेऱ्या धरू. सकाळी गावाहून निघणारी पूर्ण भरलेली, म्हणजे १०० टक्के. दुपारी तालुक्याहून येणारी २० टक्के. तीच परत जाणारी २० टक्के. आणि सायंकाळची १०० टक्के. सरासरी ६० टक्के येते. कागदावर पाहणाऱ्याला वाटते की दुपारच्या दोन फेऱ्या काढल्या तर सरासरी थेट शंभरावर जाईल आणि वाचलेली गाडी दुसरीकडे कामी येईल. फेऱ्या काढल्या जातात. दुपारच्या गाडीने येणारे जे आठ-नऊ लोक होते, त्यात दवाखान्यात जाऊन आलेली म्हातारी, तलाठ्याकडचे काम उरकलेला शेतकरी आणि सकाळच्या वर्गानंतर घरी येणारी कॉलेजची पोर असते. ते सकाळच्या गाडीने गेलेले होते. आता त्यांना परतायला सायंकाळपर्यंत थांबावे लागते, म्हणून ते सकाळीच शेजाऱ्याची मोटारसायकल किंवा काळी-पिवळी शोधतात. म्हणजे दुपारची फेरी काढल्याने सकाळच्या फेरीचे प्रवासी कमी झाले. पुढच्या वर्षी सकाळचे भारमान ८० टक्के दिसते, आणि त्या मार्गावर ‘प्रतिसाद कमी’ असा शेरा पडतो.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. माणूस फेरी करत नाही. तो जाऊन येतो. हिशेब मात्र फेरीचा ठेवला जातो, जाऊन येण्याचा ठेवला जात नाही. रिकाम्या दिसणाऱ्या फेरीमुळे दुसरी फेरी भरते, हे भारमानाच्या तक्त्यात कुठेच उमटत नाही. आता वाहकाच्या हातात तिकिटाचे यंत्र आहे, कोणत्या थांब्यावर किती तिकिटे फाटली हे तासाभरात कळू शकते. परंतु यंत्र बदलले म्हणून माप आपोआप बदलत नाही.

काळी-पिवळीचा अर्थ या हिशेबात लक्षात येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात वाहतुकीचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात ठरलेल्या मार्गावर थांब्या-थांब्याला माणसे चढवत-उतरवत वेगवेगळे भाडे घ्यायचे. ग्रामीण महाराष्ट्रात हा अधिकार मुख्यतः एसटीकडे आहे. दुसऱ्यात सगळे वाहन एकाने ठरवून इथून तिथे न्यायचे, वाटेत कुणाला घ्यायचे नाही. जीप किंवा मॅक्सी-कॅबचा परवाना या प्रकारातला. काळी-पिवळी प्रत्यक्षात पहिल्या प्रकारचे काम दुसऱ्या प्रकारच्या परवान्यावर करते, म्हणून ती एकाच वेळी सर्वांना हवी असते आणि बेकायदाही असते. ती भरल्याशिवाय सुटत नाही, त्यामुळे तिला वेळापत्रक नाही; बाजाराच्या दिवशी दहा मिनिटांत भरते आणि एरवी दोन तास फाट्यावर उभी राहते. गर्दीच्या वेळचे पूर्ण भाडे देणारे प्रवासी ती उचलते आणि पासवाले विद्यार्थी, रात्रीची वेळ व रिकामा मार्ग एसटीसाठी ठेवते. तिच्या चालकाला यासाठी दोष देण्यात अर्थ नाही, कारण तो महामंडळाच्या कायद्यातल्या कलम १८ ला बांधलेला नाही. टपावर आणि मागच्या पायरीवर लटकणारी माणसे मात्र त्या मोकळीकीची किंमत मोजतात.

सरकारने हा पेच ओळखून काही ठिकाणी वेगळी वाट काढली. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांना गावातल्या मुलींना शाळेत नेण्यासाठी निळ्या गाड्या देण्यात आल्या, आणि विदर्भातले अनेक तालुके त्यात आहेत. या गाड्यांचे गमक भारमान नसून मुलीने शाळा सोडू नये हे आहे, म्हणून शाळेच्या वेळा आधी ठरतात आणि नियत मागून बसते. ग्रामीण वाहतुकीचा हिशेब वेगळ्या मापाने करता येतो याचा हा चालता पुरावा आहे. फक्त तो रविवारी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत लागू होत नाही.

करोनाच्या काळात गाड्या थांबल्या, आणि त्या पुरत्या रुळावर येण्याआधीच ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत राज्य शासनात विलीनीकरणाच्या मागणीसाठी कर्मचाऱ्यांचा संप चालला. पगार किती अपुरे आणि अनियमित होते हे पाहिले तर त्या संपाची कारणे समजतात. परंतु आतल्या गावांवर त्याचा परिणाम खोल झाला. करोनापूर्वी महामंडळाकडे सुमारे अठरा हजार गाड्या होत्या. जुन्या गाड्या भंगारात निघाल्या, नव्या त्या वेगाने आल्या नाहीत, आणि गाड्या कमी पडल्या तेव्हा कात्री आधी आतल्या फेऱ्यांना लागली. दोन वर्षांत ज्यांना शक्य होते त्यांनी हप्त्याने मोटारसायकल घेतली. उरले ते विद्यार्थी, वृद्ध आणि स्त्रिया, म्हणजे नेमके सवलतीचे प्रवासी, ज्यांची रोकड वाहकाच्या थैलीत कमी दिसते.

गडचिरोलीची गोष्ट यापेक्षा निराळी आहे, कारण तिथे प्रश्न भारमानाच्या आधी रस्त्याचा आणि पुलाचा येतो. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येते. एटापल्ली तालुक्यातल्या गर्देवाडा परिसरात पहिली एसटी धावली ती १ जानेवारी २०२५ रोजी, मुख्यमंत्र्यांच्या उपस्थितीत. रस्त्याचा प्रश्न उरलेल्या विदर्भातही आहे, पण त्याचे रूप लहान असते. काळ्या मातीवरचा रस्ता पावसात फुगतो आणि उन्हाळ्यात भेगाळतो. रपट्यावरून पाणी वाहते. गावात शिरताना अतिक्रमणांमुळे बस वळवायला जागा उरत नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने २००० पासून डांबर गावापर्यंत नेले, तरी अनेक ठिकाणी बस फाट्यावरूनच परतते, कारण सडक बसच्या वजनाची आणि वळणाची नाही.

गावाला गाडी मागायची असेल तर अर्ज आगार व्यवस्थापकाकडे जातो आणि मार्गाचा निर्णय विभागाच्या पातळीवर होतो. अर्जाची खरी वेळ एप्रिल-मे आहे, कारण जूनमध्ये शाळा सुरू होताना नियती नव्याने जुळवल्या जातात. सप्टेंबरमध्ये दिलेला अर्ज वर्षभर फायलीत राहण्याचा संभव अधिक. ‘गावाला बस हवी’ एवढ्या मजकुरावर आगाराला काहीच ठरवता येत नाही. पास काढणारे विद्यार्थी किती आणि त्यांची शाळा केव्हा सुटते, ग्रामीण रुग्णालयाची बाह्यरुग्ण तपासणी किती वाजेपर्यंत चालते, बाजार कोणत्या वारी भरतो, गाडी वळायला जागा कुठे आहे, आणि मुक्काम असेल तर ग्रामपंचायत कोणती खोली देणार, हे अर्जात यावे. त्यातही परतीची वेळ आधी लिहावी आणि जाण्याची नंतर, कारण जाणारा माणूस कशावरही लटकून जातो. ग्रामपंचायतीच्या ठरावात मात्र बहुधा एकच वेळ लिहिलेली असते, आणि ती सकाळची असते.